पेंडिंग सेक्टर ८, हेल्थ 'पास्ड': डिस्क आत्ता बदलायची की महिनाभर थांबायचं?

प्रश्न थोडक्यात असा. लिनक्स सर्व्हर, चार सॅटा डिस्कचा सॉफ्टवेअर रेड ५, म्हणजे चारही डिस्क मिळून एक गट (ॲरे), ज्यातली एक गेली तरी तिचा मजकूर बाकीच्यांवरून काढता येतो. चारही डिस्क एकाच खरेदीतल्या, चार वर्षांहून जास्त अखंड चाललेल्या. परवा रात्री मेल आला, एका डिस्कवर ८ 'करंट पेंडिंग सेक्टर' दिसताहेत. स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या नोंदी ठेवते त्यांची, हेल्थ तपासली तर 'पास्ड'. वापरणाऱ्यांची काही तक्रार नाही. साहेब म्हणतात, पुढच्या महिन्याच्या मेंटेनन्समध्ये बघू. सहकारी म्हणतो, एफएससीके (फाइल सिस्टिम तपासणारी आज्ञा) मार, बॅड सेक्टर जातील. बॅकअप रोज रात्री होतो, पण रीस्टोअर करून कधी पाहिलेला नाही.

यातलं मला सगळ्यात जास्त खुपलं ते शेवटचं वाक्य. रीस्टोअर करून न पाहिलेला बॅकअप मी हिशेबात धरत नाही. म्हणजे माझ्या लेखी तुमच्याकडे डेटाची एकच प्रत आहे, आणि ती चार म्हाताऱ्या डिस्कवर आहे, त्यातली एक कुरकुरायला लागलीय.

डिस्क बदलायचीच, आणि महिनाभर थांबायचं नाही. पण बदलताना क्रम चुकला तर आज धडधाकट चाललेला ॲरे तुमच्याच हातून बसेल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तो ८ चा आकडा. स्मार्टमधला १९७ क्रमांकाचा हा गुण सांगतो की डिस्कने काही सेक्टर वाचायचा प्रयत्न केला, वाचता आले नाहीत, आणि त्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. त्या जागी पुन्हा काही लिहिलं गेलं की डिस्क ठरवते: लिहिणं जमलं तर सेक्टर ठीक म्हणून सोडते, नाहीतर राखीव जागेतला सेक्टर त्याच्या नावावर करते आणि मग ५ क्रमांकाचा, 'रीॲलोकेटेड' आकडा वाढतो. आणि ८ का? हल्लीच्या डिस्कचा प्रत्यक्ष सेक्टर ४,०९६ बाइटचा असतो, पण बाहेरून ती ५१२ बाइटचे सेक्टर असल्यासारखं दाखवते. ४,०९६ भागिले ५१२, म्हणजे ८. म्हणजे बहुतेक तुमच्या डिस्कवर बिघडलेली जागा एकच आहे. हे ऐकून हायसं वाटेल, तर वाटू द्या, पण पाच मिनिटंच.

'पास्ड' या शब्दावर मात्र विसंबू नका. हेल्थचा निकाल कंपनीने ठरवलेल्या मर्यादेवर लागतो, आणि ती मर्यादा इतकी सैल असते की शेकडो रीॲलोकेटेड सेक्टर असलेली डिस्कही निवांत पास होते. 'फेल्ड' आलं तर नक्की घाबरावं. 'पास्ड' आलं तर त्यातून काहीच कळत नाही. मी तो निकाल बघतच नाही, थेट स्मार्टच्या अहवालात त्याखाली असणाऱ्या तक्त्यातले कच्चे आकडे बघतो, तेही पाचच: ५, १८७, १८८, १९७ आणि १९८. बॅकब्लेझ ही कंपनी आपल्या हजारो डिस्कसाठी हेच पाच आकडे वापरते. २०१६ मध्ये त्यांनी सांगितलं होतं की बंद पडलेल्या डिस्कपैकी ७६.७ टक्क्यांवर यातला निदान एक आकडा शून्याच्या वर होता. चालू डिस्कमध्ये हे प्रमाण ४.२ टक्के. त्याच्याही आधी, २००७ मध्ये, गूगलच्या मंडळींनी लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता, चूक न सापडलेल्या डिस्कच्या ३९ पट. तुमच्या साहेबांचा 'पुढचा महिना' नेमका या ६० दिवसांत येतो.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट लोक सोयीस्करपणे विसरतात. मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी महत्त्वाच्या चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. तुम्हाला इशारा मिळाला हे नशीब समजा. उरलेल्या तीन डिस्क गप्प आहेत म्हणजे त्या ठणठणीत आहेत असं नाही.

आता कामाचा क्रम. तुमच्या आजारी डिस्ककडे वाचून देण्याची काही ताकद अजून शिल्लक आहे. ती किती, हे कुणालाच माहीत नाही. ती निदान करण्यात खर्च करायची नसते, डेटा बाहेर काढण्यात करायची असते. मेल आला की बहुतेक लोक पहिल्यांदा लाँग टेस्ट लावतात. सात-आठ तास डिस्कचा कोपरा न कोपरा वाचून काढतात आणि शेवटी जे आधीच माहीत होतं तेच कळतं. लाँग टेस्ट वाईट नाही, पण तिची वेळ बॅकअपनंतरची.

तेव्हा आज पहिलं काम: बॅकअपमधून पाच-दहा फायली आणि एक अख्खा डेटाबेस दुसऱ्या मशीनवर रीस्टोअर करा आणि उघडून बघा. डेटाबेस नुसता फाइल म्हणून उतरला एवढं पुरत नाही, तो सुरू होऊन त्याच्यावर क्वेरी चालली पाहिजे. ते जमलं की एक ताजा पूर्ण बॅकअप वेगळ्या जागी घ्या. आणि एक गोष्ट हमखास राहते: जुन्या प्रती आपोआप पुसणारं रोटेशन तात्पुरतं बंद करा. डिस्क बिघडत असताना एखादी फाइल अर्धवट वाचली गेली, तर रात्रीचं काम तीच खराब प्रत इमानेइतबारे जपून ठेवतं आणि आठवड्याभराने शेवटची चांगली प्रत पुसून टाकतं.

हे होईपर्यंत काय करायचं नाही तेही सांगतो. एफएससीके नाही. तुमच्या सहकाऱ्याचा सल्ला मनापासून असेल, पण एफएससीके डिस्क दुरुस्त करत नाही, फाइल सिस्टिमचा हिशेब दुरुस्त करतं, आणि तो हिशेब डिस्कवर लिहून करतं. खाली वाचनच भरवशाचं नसेल तर ते चुकीच्या माहितीवर आत्मविश्वासाने दुरुस्ती करतं. बॅड सेक्टर 'बरे' करणारी सॉफ्टवेअर नकोत. उगाच रीबूटही नको. चार वर्षं अखंड फिरणारी डिस्क चालू असेपर्यंत चालते. थांबवून, गार होऊन पुन्हा सुरू करताना आडून बसलेल्या डिस्क मी पुरेशा पाहिल्या आहेत.

बॅकअप चालू असताना मोकळ्या वेळात लॉग वाचा. दोष डिस्कचाच आहे ना, हे तिथे कळतं. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, त्या डिस्कच्या नावापुढे 'यूएनसी' किंवा 'मीडियम एरर' आणि सेक्टरचा क्रमांक दिसला तर प्लॅटरवरची जागा वाचता येत नाहीये, डिस्कच दोषी. पण लिंक पुन्हा पुन्हा रीसेट होतेय, वेग ६ गिगाबिटवरून ३ वर उतरवल्याची ओळ आहे आणि स्मार्टमधला १९९ क्रमांकाचा सीआरसी आकडा वाढतोय, असं चित्र असेल तर आधी केबलकडे, मग बॅकप्लेनकडे (डिस्क ज्यात बसवतात त्या मागच्या बोर्डाकडे) बघा. सीआरसीच्या चुका डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या वाटेवर होतात. मी एका ठिकाणी तीन महिन्यांत एकाच बेमधली (डिस्कच्या खणातली) दुसरी डिस्क बदलायला गेलो होतो. नवी डिस्क घालून तासाभरातच १९९ चा आकडा हलला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बॅकप्लेनवरच्या त्या सॉकेटची एक पट्टी काळवंडलेली होती. आधीची डिस्क निष्पाप होती. १९९ चा आकडा कधी शून्यावर येत नाही, त्यामुळे केबल बदलल्यावर तो किती आहे हे महत्त्वाचं नाही. वाढायचा थांबला का, एवढंच बघायचं.

असाच एक आकडा नवख्यांना रात्रभर जागवतो: काही सीगेट डिस्कवर 'रॉ रीड एरर रेट' कोटींमध्ये दिसतो. त्या एका आकड्यात चुका आणि एकूण वाचनं अशा दोन गोष्टी कोंबलेल्या असतात. सोडून द्या.

स्मार्टच्याही आधी बोलणारी एक खूण आहे, ती म्हणजे वेळ. आयओस्टॅट सविस्तर पर्यायाने चालवा आणि चारही डिस्कचा 'अवेट' (एका मागणीला लागणारा सरासरी वेळ) शेजारी शेजारी बघा. रेड ५ मध्ये काम साधारण सारखं वाटलं जातं, त्यामुळे चौघींचे आकडेही आसपास असायला हवेत. तिघी १० मिलिसेकंदांत उत्तर देताहेत आणि एक मध्येच ४०० वर जातेय, तर ती आतल्या आत एकच जागा पुन्हा पुन्हा वाचून बघतेय. स्मार्टचे सगळे आकडे शून्य असताना केवळ यावरून मी डिस्क बदलल्या आहेत, आणि त्याचा पश्चात्ताप झालेला नाही.

आता रेड ५ मधली खरी धास्ती. आजारी डिस्क काढली, नवी घातली, की रीबिल्डसाठी, म्हणजे काढलेल्या डिस्कचा मजकूर नवीवर पुन्हा उभा करण्यासाठी, उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात. त्यातल्या एकीवर, वर्षानुवर्षं कुणी न वाचलेल्या कोपऱ्यात, एक खराब सेक्टर दडलेला असला तर तो भरून काढायला आता पॅरिटी, म्हणजे हरवलेला मजकूर काढून देणारी जादा माहिती, शिल्लक नसते. साध्या डिस्कच्या कागदावर लिहिलेलं असतं की १० च्या १४ व्या घाताइतके बिट वाचताना एखादी न सुटणारी चूक होऊ शकते. म्हणजे साडेबारा टेराबाइटला एक. त्यावरून 'रेड ५ रीबिल्ड होणारच नाही' अशी भाकितं लोक करतात. ती अतिरंजित आहेत. तो आकडा कंपनीने दिलेली कमाल मर्यादा आहे, बहुतेक डिस्क त्याहून पुष्कळ बऱ्या वागतात. पण एकाच खेपेतल्या, एकाच वयाच्या, एकाच डब्यात तापलेल्या चार डिस्क असतील तर मी पैज लावणार नाही.

म्हणून बॅकअप झाल्यावर, काहीही काढण्याआधी, ॲरेची पूर्ण तपासणी लावा. एमडीमध्ये, म्हणजे लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये, 'सिंक ॲक्शन'ला 'चेक' दिलं की ते चारही डिस्क वाचून काढतं, आणि कुठे वाचता आलं नाही तर बाकीच्यांवरून तो मजकूर काढून त्याच जागी पुन्हा लिहितं. त्यामुळे तुमचे ८ पेंडिंग बहुधा शून्य होतील. इथे लोक फसतात: आकडा शून्य झाला, मेल थांबला, विषय संपला. त्या जागेवर लिहून झालं एवढाच त्या शून्याचा अर्थ. तपासणीनंतर चारही डिस्कचे पाचही आकडे लिहून घ्या. दुसऱ्या एखाद्या डिस्कवरही काही उगवलं असेल तर ते आत्ता कळलेलं बरं, अजून पॅरिटी जागेवर असताना.

मग बदल. सर्व्हरमध्ये एक बे रिकामा असेल तर तुमचं काम सोपं आहे. जुनी डिस्क 'फेल' करूच नका. नवी डिस्क स्पेअर म्हणून जोडा आणि एमडीएडीएमचा (एमडी हाताळणाऱ्या आज्ञेचा) 'रिप्लेस' पर्याय वापरा. तो जुन्या डिस्कवरून नवीवर थेट नक्कल करतो. जिथे जुनी अडते तेवढ्याच जागी बाकीच्या तिघींकडून मजकूर काढतो. नक्कल पूर्ण होईपर्यंत जुनी डिस्क ॲरेमध्येच असते, म्हणजे एक क्षणही तुम्ही पॅरिटीविना उघडे पडत नाही. लिनक्स कर्नल ३.३ पासून ही सोय आहे आणि अजूनही निम्मे लोक सवयीने 'फेल, रिमूव्ह, ॲड' करत बसतात. झेडएफएस या फाइल सिस्टिममध्येही दोन्ही डिस्क जोडलेल्या ठेवून रिप्लेस केलं की हेच होतं. बे रिकामा नसेल तर जुनी काढण्यावाचून इलाज नाही. अशा वेळी शक्य असेल तर लिहिणाऱ्या सेवा थांबवून, ताजा बॅकअप हाताशी ठेवूनच काढा.

नवी डिस्क निवडताना आकार किमान तेवढा आहे, आणि ती शिंगल्ड (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) प्रकारची नाही, हे बघा. शिंगल्ड डिस्क रीबिल्डच्या सलग माऱ्यात इतकी मंदावते की ॲरे तिला मेलेली समजून बाहेर काढतो. जमलं तर जोडण्याआधी तिची लाँग टेस्ट दुसऱ्या मशीनवर उरका. नवी आहे म्हणून चांगली असेलच असं नाही. अगदी कोऱ्या डिस्क जाण्याचं प्रमाणही बऱ्यापैकी असतं.

वेळेची एक मेख राहिली. साध्या डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर मिळाला की मिनिटभर, कधी त्याहून जास्त, झगडत राहतात. लिनक्स मात्र ३० सेकंद वाट बघतो आणि लिंक रीसेट करतो. डिस्क तेव्हाही उत्तर देत नाही, आणि एका सेक्टरपायी अख्खी डिस्क ॲरेबाहेर जाते. सर्व्हरच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानून चूक कळवतात, मग एमडी ती जागा दुरुस्त करून पुढे जातो. तुमच्या डिस्कवर ही मर्यादा किती आहे ते स्मार्टसीटीएल या स्मार्ट वाचणाऱ्या आज्ञेच्या 'एससीटी ईआरसी' पर्यायात दिसेल. बंद असेल तर ७ सेकंदांवर लावा. डिस्क ते मानतच नसेल तर कर्नलचा टाइमआउट १८० सेकंद करा. दोन्ही सेटिंग मशीन बंद-चालू झालं की पुसली जातात, म्हणून बूटच्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये टाका. हे तपासणी लावण्याच्या आधी करायचं.

डिस्क हाताने ओढायची वेळ येईल तेव्हा सीरियल नंबरशिवाय काही खरं मानू नका. 'एसडीबी' हे नाव रीबूटनंतर दुसऱ्याच डिस्कला मिळू शकतं. हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. बऱ्याच वर्षांपूर्वी एका रात्री सॉफ्टवेअरने दाखवलेली 'डिस्क ३' मी ओढली. सॉफ्टवेअर शून्यापासून मोजत होतं, डब्यावरची लेबलं एकपासून. आजारी डिस्क आधीच ॲरेबाहेर गेली होती. मी ओढली ती धडधाकट. ॲरे जागीच थांबला. डिस्क परत घालून, जबरदस्तीने जोडून सगळं उभं राहिलं, पण त्या तीन तासांत मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून प्रत्येक ट्रेच्या दर्शनी बाजूला सीरियलचे शेवटचे चार अंक चिकटवलेले असतात. ते नसतील तर बेचा दिवा लावून बघा. दिव्याची सोय नसेल तर त्या डिस्कवरून सतत वाचन लावा आणि कुठला दिवा न थांबता लुकलुकतो ते बघा.

हार्डवेअर रेड कार्ड असेल तर स्मार्ट सरळ दिसत नाही, स्मार्टसीटीएलला कार्डाचा प्रकार आणि डिस्कचा क्रमांक द्यावा लागतो. कार्डाच्या स्वतःच्या अहवालात 'मीडिया एरर' आणि 'प्रेडिक्टिव्ह फेल्युअर' हे दोन आकडे बघा. दुसरा शून्याच्या वर गेला की बहुतेक कंपन्या वॉरंटीत डिस्क वाद न घालता बदलून देतात.

एसएसडीची तऱ्हा वेगळी आहे. तिथे पेंडिंग सेक्टरची वाट बघू नका. एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीच्या स्मार्ट लॉगमध्ये 'क्रिटिकल वॉर्निंग' शून्य आहे ना, 'अव्हेलेबल स्पेअर' मर्यादेच्या वर आहे ना आणि 'मीडिया एरर' वाढत नाहीत ना, हे बघा. 'पर्सेंटेज यूज्ड' १०० च्या पुढे गेला म्हणून ती लगेच मरत नाही, कंपनीने गृहीत धरलेलं आयुष्य संपलं इतकंच. पण एसएसडी जाते तेव्हा अनेकदा कुरकुर न करता जाते: सकाळी होती, दुपारी यादीतच नाही. फर्मवेअरचाही भरवसा नाही. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये एचपीई या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केलं की त्यांच्या काही एसएसडी ३२,७६८ तास पूर्ण झाले की बंद पडतील, डेटासकट. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास. एकाच दिवशी सुरू केलेल्या ॲरेमध्ये सगळ्या डिस्कचं घड्याळ एकाच वेळी तिथे पोचणार. तिथे पॅरिटी काय करणार? त्यामुळे एसएसडीच्या फर्मवेअरच्या सूचना वाचणं हे मी इशाऱ्यांमध्येच धरतो.

हे वाचणाऱ्या कुणाकडे रेडच नसेल, एकच डिस्क असेल, तर नियम कडक होतो: ती माउंट ठेवून फायली कॉपी करत बसू नका. सेवा थांबवा, दुसरी तेवढीच किंवा मोठी डिस्क आणा आणि डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने पूर्ण प्रतिमा घ्या, मॅपफाइलसह (काय वाचलं आणि काय राहिलं याची नोंद). पहिल्या फेरीत अडलेल्या जागा सोडून सोपं तेवढं उचलायचं, अवघड जागांवर नंतर यायचं. दुरुस्ती जी काय करायची ती प्रतीवर. आणि डिस्कमधून टकटक येत असेल तर यातलं काहीच नाही. वीज काढा आणि डेटा रिकव्हरीवाल्यांकडे द्या. फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना सल्ला कुणी दिला तर ऐकून सोडून द्या. आत दव धरलं की उरलंसुरलंही जातं.

साहेबांना समजावण्याचं म्हणाल, तर पेंडिंग सेक्टर वगैरे सांगूच नका. दोन ओळी लिहून द्या: डिस्क आत्ता बदलली तर एका डिस्कची किंमत आणि काही तास मंदावलेला सर्व्हर, महिनाभर थांबलो आणि मध्ये दुसरी डिस्क गेली तर बॅकअपवरून अख्खा सर्व्हर उभा करायला इतके तास. ते 'इतके' तुम्हाला आजच्या रीस्टोअरमध्ये मोजून मिळतील, अंदाजाने लिहू नका. खाली मंजुरीसाठी जागा सोडा. थांबायचा निर्णय कागदावर घ्यायची वेळ आली की सहसा डिस्क मागवली जाते.

तुमचा इशारा मेलने आला हे बरं झालं. स्मार्टडी (स्मार्टवर नजर ठेवून मेल पाठवणारा प्रोग्राम) चालू असूनही मेल नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या खात्यात जात होता, असं मी दोनदा पाहिलंय. पत्ता एका माणसाचा न ठेवता गटाचा ठेवा आणि चाचणीचा मेल आजच पाठवून बघा. काढलेली डिस्क पुसल्याशिवाय वॉरंटीत परत पाठवू नका. पुसता येत नसेल इतकी खराब असेल तर वॉरंटीवर पाणी सोडा आणि ती फोडा.

आज रीस्टोअर आणि पूर्ण बॅकअप झाला की चारही डिस्कचे ते पाच आकडे, त्यांचे चालू तास आणि तुमच्या डब्यात बे रिकामा आहे का, एवढं कळवा. आजारी डिस्कचा १९७ तोवर ८ वरून १६ किंवा २४ झाला असेल तर माझ्या उत्तराची वाट न बघता नवी डिस्क लावायला घ्या.